पाळीआधीचा त्रास ओळखायचा कसा : पाच मिनिटांचा फॉर्म की दोन महिन्यांचा तक्ता?

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात दोन गठ्ठे आहेत. एक करकरीत, कोपरेही न दुमडलेला. दुसऱ्यावर हळदीची बोटं, तेलाचे डाग, चौघडी घातलेल्या घड्या. एका कागदावर तर चहाच्या कपाचा गोल शिक्काच उमटलाय. पहिला गठ्ठा पीएमएसच्या, म्हणजे पाळीआधी मनाला आणि अंगाला होणाऱ्या त्रासाच्या प्रश्नावल्यांचा. बाई ओपीडीत बाकावर बसून पाच मिनिटांत भरून देते. दुसरा रोजच्या नोंदींच्या तक्त्यांचा. तो घरी जातो, दोन महिने तिथेच राहतो, आणि परत आलाच तर असा येतो.

कोल्हापुरात राजारामपुरीत स्त्रीरोगाची ओपीडी चालवून मला बावीस वर्षं झाली. या काळात दोन्ही वापरले, दोन्हींनी फसलो. परवा पीजीला असलेल्या एका मुलीनं थीसिसचा विषय ठरवताना विचारलं, "सर, फॉर्म घेऊ की डायरी?" हाच प्रश्न कागलकडचा एक फॅमिली डॉक्टर मित्र अधूनमधून विचारतो, पण वेगळ्या अडचणीतून. तिला गाईडची सही हवी आहे, त्याला दुपारी दोनच्या आत ओपीडी संपवायची आहे. दोघांना वेगवेगळं उत्तर द्यावं लागेल असं मला वाटत होतं. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की फरक मला वाटला होता त्याहून थोडा आहे.

पीएमएस म्हणजे काय, ते इथे याहून जास्त सांगत बसत नाही. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. तरी "हार्मोन्स चेक करू या" म्हणून इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे रिपोर्ट घेऊन येणारी बाई महिन्याला एखादी तरी असते. त्या रिपोर्टात काही निघत नाही, कारण पातळी बहुधा इतर बायकांसारखीच असते. १९९८ साली श्मिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं ते हेच : हार्मोन तेच, पण काही जणींचं मन त्यांना वेगळं उत्तर देतं. टीएसएच आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर करा. पीएमएस पकडायला नाही, दुसरं काही सुटू नये म्हणून. थायरॉइडचा बिघाड आणि रक्तक्षय दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत, आणि दोन्ही बाईला थकवतात आणि चिडवतात.

आधी फॉर्मबद्दल चांगलं बोलतो, कारण ते खरं आहे.

सगळ्यांच्या वापरात असलेला फॉर्म म्हणजे पीएसएसटी, प्रीमेन्स्ट्रुअल सिम्प्टम्स स्क्रीनिंग टूल. स्टायनर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली मांडला. चौदा लक्षणं, आणि त्यांनी कामात, घरात, माणसांशी वागण्यात किती अडथळा येतो याचे पाच प्रश्न. प्रत्येकाला चारच उत्तरं : अजिबात नाही, थोडं, मध्यम, तीव्र. याआधी १९६८चा मूस यांचा सत्तेचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. तो आता बहुतेक संशोधनाच्या इतिहासातच भेटतो. पीएसएसटीचा मोठा गुण म्हणजे तो तुमच्यासमोर भरला जातो. कॉलेजच्या शिबिरात शंभर मुलींकडून एका सकाळी भरून घेता येतो. एकही कागद हरवत नाही. आणि हे मी आकड्यांवरून नाही, अनुभवावरून सांगतोय : ज्या बाईनं आयुष्यात कधी कुणाला हे सांगितलेलं नाही, ती छापील शब्द वाचून म्हणते, "म्हंजे हे माझं एकटीचंच न्हाई होय?" तेवढ्यासाठी तरी फॉर्म खणात ठेवावा.

तरी तो माझ्या मनातून उतरला, आणि एकाच गोष्टीमुळे. ती त्याच्या वरच्या ओळीत आहे.

चौदा लक्षणांच्या डोक्यावर एक वाक्य असतं. भावार्थ असा : खालची लक्षणं तुम्हाला पाळीच्या आधी सुरू होऊन पाळी आल्यावर थोड्या दिवसांत थांबतात का? पीएमएसचं सगळं निदान या वाक्यात आहे. खालचं चिडचिड, रडू, थकवा, झोप, खा-खा हे नैराश्यातही असतं, थायरॉइडमध्येही असतं, आणि सासरी नव्यानं आलेल्या कुठल्याही मुलीत असतं. पाळी आली की ते थांबतं, आणि पुढचा एक आठवडा बाईला काही त्रास नसतो, यावर पीएमएस ठरतं. आणि ती ओळ कुणी वाचत नाही. मी नजर ठेवून पाहिलंय. बोट सरळ पहिल्या रकान्यावर जातं. चिडचिड? आहे की. तीव्र. रडू येतं? येतं. तीव्र. कधी, केव्हापासून, केव्हापर्यंत, यासाठी खाली एकही चौकट नाही. ज्या आठवड्यात काहीच होत नाही, त्या आठवड्याला अख्ख्या कागदावर जागा नाही.

मी ती ओळ ठळक केली. मग लाल केली. मग ओपीडीतल्या मावशींना सांगितलं, वाचून दाखवा. त्या वाचत, बाई मान हलवत, आणि बोट पुन्हा पहिल्या रकान्यावर.

बरं, वाचली तरी दुसराच घोळ. १९७७ साली डायन रुबल यांनी प्रिन्स्टनमधल्या विद्यार्थिनींवर एक साधा पण चतुर प्रयोग केला. सगळ्या मुली पाळीपासून साधारण सारख्याच अंतरावर होत्या. एका लुटुपुटुच्या यंत्रावर तपासल्यासारखं करून काहींना सांगितलं, तुमची पाळी एक-दोन दिवसांवर आली आहे. काहींना सांगितलं, अजून आठवडा-दहा दिवस आहेत. ज्यांना 'आली' म्हणून सांगितलं होतं त्यांनी अंगावरची सूज, दुखणं वगैरे जास्त नोंदवलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. प्रश्नातच उत्तर पेरलेलं असलं की ते उगवतं. आपल्याकडे तर ते बाळपणापासून पेरलेलं असतं.

आता माझी फजिती सांगतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदललेत, गणित मात्र खरं आहे.

तिशीतली बाई, दोन मुलं, उचगावच्या बाजूला एका खोलीचं घर. पाळी घड्याळासारखी, अठ्ठावीस दिवसांची. "काय सांगू डॉक्टर, भांडी आदळावी वाटत्यात. पोरांवर हात उठतोय. मग रडू येतं." कधी? "पाळीच्या आधीच्या आठवड्यात." फॉर्म भरला, जवळपास सगळं तीव्र. पीएमडीडीच्या, म्हणजे पीएमएसच्या मनाला ग्रासणाऱ्या तीव्र प्रकाराच्या, निकषात आरामात बसत होती. मी पाळीआधीचे चौदा दिवस घ्यायची सर्ट्रालिनची, म्हणजे नैराश्यावरच्या औषधाची, गोळी सुरू केली. पुढच्या महिन्यात आली ती हसतच. पाळीआधीचा आठवडा शांत गेला होता. त्याच्या पुढचा महिनाही शांत. मी खूश, मित्राला फोन करून सांगितलंसुद्धा. चौथ्या महिन्यात ती परत आली : "गोळी आता लागू होईना झालीया." डोस वाढवायला मी पेन हातात घेतलं होतं. मावशी म्हणाल्या, "तक्ता तरी देऊन बघा की."

तक्ता दिला. दोन महिन्यांनी परत आला. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर पहिल्या महिन्यात आकडे चढलेले दिवस पंधरा ते एकवीस. दुसऱ्या महिन्यात आठ ते चौदा. दोन्ही वेळा पाळीआधीचा आठवडा बऱ्यापैकी सपाट. मी तक्ता उलटा-सुलटा करून पाहिला. तिलाच विचारलं, या दिवसांत घरात काय असतं? ती जराही न थांबता म्हणाली, "मालकांची नाईट असती."

नवरा गोकुळ शिरगावला फाउंड्रीत. तीन शिफ्ट, आठवड्याला बदल. म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला नाइट. तो दिवसा एकुलत्या खोलीत झोपणार, हिनं दोन पोरांना आवाज न करता घरात ठेवायचं, कुकरची शिट्टीसुद्धा जपून. एकवीस दिवसांचं चक्र त्याच्या शिफ्टचं, अठ्ठावीसचं हिच्या पाळीचं. चौऱ्याऐंशी दिवसांनी दोन्ही एकत्र येणार. ती पहिल्यांदा आली तेव्हा ती एकत्र आली होती. मग नाइट पाळीपासून सरकली, आणि सरकण्याचं श्रेय माझ्या गोळीला मिळालं. चौथ्या महिन्यात पुन्हा गाठ पडली आणि गोळी 'लागू होईना'. तिनं मधे एकदा सांगितलंही होतं, "मधल्या आठवड्यात जरा झालं हुतं." मी ते केसपेपरवर लिहिलं नाही, कारण फॉर्मात त्यासाठी जागा नव्हती.

तेव्हापासून मी फॉर्मवर निदान करत नाही. कुणी करत असेल तर त्याला नावं ठेवणार नाही. दिवसाला ऐंशी पेशंट बघणाऱ्यानं काय करावं हे मी क्लिनिकात बसून सांगणं सोपं आहे. पण मला ती चूक परत करायची नाही.

तर तक्ता. मूळ म्हणजे जीन एंडिकॉट यांचा डीआरएसपी, त्रास किती याची रोजची नोंद. त्याच्या विश्वासार्हतेचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एकवीस लक्षणं, अकरा गटांत. शिवाय कामात, छंदांत आणि माणसांत अडथळा किती, हे तीन. रोज रात्री प्रत्येकासमोर एक ते सहामधला आकडा. दोन चक्रं. एवढंच. तो भरायला हुशारी लागत नाही, चिकाटी लागते. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिणाऱ्या घरात ती असते, हे मला फार उशिरा सुचलं.

वाचायचा कसा यावर तीन घराणी आहेत, आणि थीसिस करणाऱ्यानं कुठल्या घराण्याचं गाणार ते पहिल्या पानावरच सांगावं. अमेरिकन मानसोपचारवाल्यांचं डीएसएम-५ हे निदानाचं पुस्तक, २०१३चं : अकरातली पाच लक्षणं, त्यातलं एक तरी मनाचं, पाळीआधीच्या शेवटच्या आठवड्यात, पाळी आल्यावर काही दिवसांत उतार, पुढच्या आठवड्यात जवळपास काही नाही. हीच मंडळी १९८७ साली दुसऱ्याच लांबलचक नावानं हा आजार पुस्तकाच्या शेवटी पुरवणीत ठेवून होती. मुख्य यादीत यायला त्याला सव्वीस वर्षं लागली. अमेरिकन स्त्रीरोगवाल्यांचा निकष जरा सैल. मनाचं एक आणि अंगाचं एक लक्षण पुरे. पण ते आधीच्या तीन चक्रांत पाळीपूर्वीच्या पाच दिवसांत हवं, पाळी सुरू झाल्यापासून चार दिवसांत जायला हवं, आणि तेराव्या दिवसापर्यंत परत फिरकता कामा नये. तिसरं घराणं आंतरराष्ट्रीय मंडळाचं. २००८मध्ये मॉन्ट्रियलला बसून त्यांनी जे ठरवलं ते २०११ साली छापून आलं. ते म्हणतात, लक्षण कुठलंही असो, वेळ पाहा आणि आयुष्य किती अडतंय ते पाहा. मला ते जवळचं वाटतं. आमच्याकडच्या बायका लक्षणांची इंग्रजी यादी वाचून आजारी पडत नाहीत. गोड खावंसं वाटतं का, असं विचारलं तर नाही म्हणतात. भडंगाची पिशवी एका बैठकीत संपते हे नंतर कळतं.

आणि महत्त्वाचं म्हणजे, तिन्ही घराणी भांडतात ती लक्षणांवर. रोजच्या नोंदी, निदान दोन चक्रं, यावर तिघांचं एकमत. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०१६च्या मार्गदर्शनात तेच धरलं आहे. आठवणीवर भरलेल्या फॉर्मवर कुणीच शिक्का मारलेला नाही. फॉर्म चाळणी आहे, आणि त्याच्या नावातही 'स्क्रीनिंग' हाच शब्द आहे. आपणच तो निदान म्हणून वापरतो, मग त्यावर चिडतो.

आकडे नजरेनं पाहिले तर दोन डॉक्टर दोन निष्कर्ष काढतात, हा संशोधनातला जुना ताप. त्यावर २०१७ साली आयझेनलोहर-मूल आणि सहकाऱ्यांनी सी-पास नावाची पद्धत दिली. पाळीआधीचे सात दिवस एका बाजूला, पाळीचा चौथा ते दहावा दिवस दुसऱ्या बाजूला. मोजपट्टीचा जेवढा भाग त्या बाईनं वापरला, त्याच्या तीस टक्के तरी दोन्हींतला फरक हवा. पाळीआधी किमान दोन दिवस आकडा चार किंवा वर हवा. नंतरच्या आठवड्यात तीनच्या वर जाता कामा नये. थीसिसवाल्या मुलीला मी हेच सुचवलं. एक्सेलमध्ये बसतं, आणि व्हायव्हाला "मला असं वाटलं" म्हणावं लागत नाही. ओपीडीत मी काय करतो? कागद लांब धरून बघतो. डोंगर कुठे आणि माळ कुठे ते दिसतं.

तक्त्याची कुरकूर आता. ती मोठी आहे, लपवत नाही.

पहिली : परत येत नाही. निम्म्याहून जास्त येत नाहीत असा माझा अंदाज. मोजलेलं नाही, पण गठ्ठ्याकडे बघून वाटतं. दुसरी त्याहून लबाड : परत येतो, पण अख्खा महिना एकाच पेनानं, एकाच तिरकेपणानं भरलेला. दाराबाहेर रिक्षात बसून भरलेला कागद मला आता वासावरून ओळखू येतो. यात बायकांचा दोष नाही. दीर्घकाळ दुखण्यानं त्रस्त असलेल्या रुग्णांवर २००२ साली एक अभ्यास झाला. वहीत गुपचूप प्रकाशाचा सेन्सर बसवला होता, वही कधी उघडली ते तो टिपायचा. कागदांवरच्या वेळा पाहिल्या तर ९० टक्के नोंदी वेळेवर. वही खरोखर उघडली त्या वेळांवरून, ११ टक्के. त्यामुळे आता मी एकदम दोन महिन्यांचा कागद देत नाही. आठवड्याचा देतो, आणि मावशी आठवड्याला फोन करतात. "कागदाचा फोटो टाका, आणि जेवलात का?" हे दुसरं वाक्य त्यांचं स्वतःचं.

तिसरी कुरकूर पूर्ण आपली. गौरी-गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांतीचं हळदीकुंकू, चैत्रात जोतिबाची यात्रा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय येतात, नणंदेच्या पर्समधूनही येतात. तक्त्यात त्या कुणी लिहीत नाही, आणि चक्राचं गणित कोसळतं. त्यात या गोळ्या प्रोजेस्टोजेनच्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या. मॉन्ट्रियलवाल्यांनी पीएमएसचे जे आडवाटेचे प्रकार सांगितले, त्यात प्रोजेस्टोजेनमुळे उद्भवणारा हा एक वेगळाच प्रकार आहे. म्हणजे गोळीनं पाळी लांबवली, आणि गोळीनंच चिडचिडही आणली असेल. म्हणून मी गोळ्यांसाठी एक वेगळी चौकट छापली, आणि घाई नसेल तर तक्ता रथसप्तमीनंतर सुरू करतो. तिथून चैत्रातल्या यात्रेपर्यंत दोन चक्रं कशीबशी बसतात. ही टीप कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

चौथी मी सुरुवातीला ओळखलीच नाही. तक्ता घरात असतो, आणि घरात माणसं असतात. एका नवऱ्यानं तो वाचला आणि पाठ केला. "बावीस तारखेपासून हिच्याशी बोलायचं न्हाई." बाईची प्रत्येक रास्त तक्रार मग पाळीच्या खात्यावर. ती तक्ता परत द्यायला आली ती रागानंच, आणि तिचं बरोबर होतं. तेव्हापासून माझ्या कागदावर पाळी हा शब्दच नाही. वर 'रोजची तब्येत' एवढंच. उभ्या रकान्यात तारखा, आडव्यात अकरा ओळी, पाळीच्या दिवशी कोपऱ्यात एक ठिपका. कुणी पाहिलं तर साखरेचा किंवा बीपीचा कागद वाटतो. याचा एक फायदा आपोआप झाला : वरच्या ओळीतलं ते पेरलेलं उत्तरही गेलं. संशोधनात संमतीपत्रावर उद्देश सांगावाच लागतो, तिथे इतकं लपवता येणार नाही, पण रोजच्या कागदावर तो पुन्हा पुन्हा छापायची गरज नसते.

भाषेचं दोन्हींना सारखंच लागू. आपल्या तोंडच्या शब्दांत आणल्याशिवाय दोन्ही लंगडे. सगळं आपल्या आवाक्याबाहेर गेल्यासारखं वाटणं, यासाठी मी आधी 'सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं' असं लिहिलं. एक काकू म्हणाल्या, "अंगावरनं काय जात न्हाई डॉक्टर, पांढरंबी न्हाई." आता 'माझ्यानं आता काही होणार नाही असं वाटतं' असं आहे. नाकारलं जाण्याबद्दलची हळवेपणाची ओळ होती, तिथे 'कुणी काही बोललं की लागतं'. ही ओळ छापल्यापासून त्या रकान्यात आकडे दिसायला लागले; आधी सगळे एक-एक. छातीसाठी 'ठणकते, जड वाटते'. थीसिसवाल्यांनी मात्र हे माझ्यासारखं मनानं करू नये. मराठीत भाषांतर, दुसऱ्याकडून उलटं भाषांतर, वीस-पंचवीस जणींवर चाचणी, मगच पुढे. तिथे फॉर्म आणि तक्ता दोन्हींना सारखेच कष्ट आहेत, त्यामुळे 'फॉर्म सोपा' हे कारण तिथे चालत नाही.

मोबाइल ॲपबद्दल विचारतात, म्हणून थोडक्यात. रिक्षात बसून भरायची पळवाट तिथे बंद होते, कारण वेळ आपोआप नोंदली जाते. कॉलेजच्या मुलींवर अभ्यास असेल तर विचार करावा. पण घरात फोन एक, त्यावर मुलाचा गेम आणि नवऱ्याचं व्हॉट्सॲप. आणि ही ॲपं सकाळी स्वतःच बजावतात : पाळी तीन दिवसांवर, आज मूड खाली जाऊ शकतो. झालं, पुन्हा तीच वरची ओळ, आता बेल वाजवून. ती सूचना बंद करता येते, करतं कोण?

तक्ता दोनदा भरूनही चित्र गढूळ राहिलं, तर रॉयल कॉलेज जीएनआरएचच्या इंजेक्शननं तीन महिने बीजकोशांचं काम थांबवून पाहायला सांगतं. त्रास तिथेही तसाच राहिला तर तो पाळीचा नव्हता. तर्कशुद्ध आहे, महाग आहे, मी क्वचित वापरलंय. बहुतेकदा गढूळपणाचं कारण वेगळंच असतं : बाईला महिनाभर नैराश्य किंवा चिंता असते आणि पाळीआधी ते फुगतं. तक्त्यात ते दिसतं. माळ नाहीच, सगळाच डोंगर, शेवटी शिखर. फॉर्मवर ही बाई आणि खरी पीएमएसची बाई शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत, आणि दोघींचे उपचार वेगळे. गर्भाशय काढलेल्या पण बीजकोश ठेवलेल्या बाईचंही तेच. पाळी नाही, म्हणून फॉर्मच्या वरच्या ओळीला अर्थच उरत नाही. तक्ता मात्र चालतो, महिन्याची लाट दिसली की पुरे.

एकच ठिकाण आहे जिथे मी तक्त्याची वाट पाहत नाही. "जीव नकोसा होतो" हे वाक्य आलं, तर दोन महिने कागद भरून आण म्हणणं हा अपराध आहे. पीएमडीडीत आत्महत्येचे विचार येतात हे नीट माहीत असलेलं आहे. डीएसएमसुद्धा नोंदी यायच्या आधी तात्पुरतं निदान करायची मुभा देतं. त्या दिवशी फॉर्म, गप्पा, घरच्या कुणाला तरी विश्वासात घेणं, आणि मानसोपचारतज्ज्ञाला फोन. तक्ता त्यानंतर, उपचार चालू असताना.

तर कागलच्या मित्राला : बाकावर फॉर्म ठेव, चालेल. पण त्यावर 'मध्यम' किंवा 'तीव्र' निघालेल्या बाईला गोळीच्या चिठ्ठीआधी एक कागद दे, आणि परत येईपर्यंत हात आवर. तुझ्याकडची अर्धी गर्दी फॉर्मनंच पांगेल, तेवढा त्याचा उपयोग मला मान्य आहे. थीसिसवाल्या मुलीला : किती जणींना पीएमएस आहे हे मोजायचं असेल तर फॉर्मवरचा आकडा फुगलेला येणार हे धरून चाल, आणि जमलं तर त्यातल्या निवडक जणींना तक्ता दे. उपचाराचा अभ्यास असेल तर फॉर्मचा विचारही करू नकोस. तिचे गाईड काय म्हणतील ते मला माहीत नाही; माझं ऐकलं तर सॅम्पल कमी होईल, हे मी तिला आधीच सांगितलंय.

ती फाउंड्रीवाल्याची बाई पुढे अधूनमधून येत राहिली. सर्ट्रालिन बंद केली. नवऱ्याला एकदा बोलावून तक्ता दाखवला. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, नाइटच्या आठवड्यात भावाकडं झोपायला जातो. जातो की नाही माहीत नाही, पण ती आता पाळीच्या तक्रारीसाठी येत नाही. मुलांच्या खोकल्यासाठी येते, आणि मी स्त्रीरोगवाला आहे हे तिला अजून मान्य नाही.

कागद छापायला देणार असाल तर ए-फोर आडवा घ्या, अक्षर मोठं, आणि वरच्या कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यानं पेन्सिल बांधा. स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्याच खिळ्याला अडकवायला सांगा. पहिल्या पन्नास कागदांना मी पेन्सिल बांधली नव्हती.